पंधरा मिलिग्रॅमची रेघ : व्हेक्सास आजारातल्या स्टेरॉइड-प्रतिसादाचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका गावचे ६७ वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्यांचा ताप दोन दिवसांत उतरायचा, आणि तरीही निदान व्हायला चौदा महिने लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. त्या संबंधासाठीच हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

आधी एक खुलासा. गुरुजी ही कोणी एक खरी व्यक्ती नाही. व्हेक्सास या दुर्मिळ आजाराच्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणं, रक्ताचे आकडे आणि उपचारांतले पेच एकत्र करून हे प्रकरण शिकण्यासाठी बांधलं आहे. आजाराची, औषधांची आणि संशोधनाची माहिती मात्र जशी आहे तशी आहे. डोसचे आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. कोणीही त्यावरून आपल्या गोळ्या कमी-जास्त करू नयेत. स्टेरॉइड तर अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

सुरुवात कानापासून

पहिली तक्रार उजव्या कानाची. कान लालभडक, सुजलेला, हात लावू देईना. सोबत संध्याकाळी १०१ ते १०२ ताप. गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकं दिली. कान आठ दिवसांनी उतरला, मग डावा सुजला. दोन्ही वेळा कानाची पाळी, म्हणजे डूल घालतात तो मऊ भाग, अगदी नेहमीसारखी होती. हे बारीक निरीक्षण मोलाचं आहे. पाळीत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारं मऊ हाड, नसते. त्वचेला संसर्ग झाला तर पाळीही सुजते. पाळी वगळून वरचा कान सुजतो तेव्हा आजार कूर्चेचा असण्याची शक्यता फार मोठी.

पुढच्या महिन्याभरात दंडावर आणि पाठीवर तांबूस, दुखऱ्या गाठी उठल्या. वजन पाच किलोंनी घटलं. डोळ्यांभोवती सूज येऊन जायची. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासण्या झाल्या : हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट १ लाख २८ हजार, ईएसआर ११८, सीआरपी १४२ (हे दोन्ही अंगातला दाह मोजणारे आकडे, दोन्ही फार वाढलेले). रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस, ब्रुसेला, सगळं निगेटिव्ह. गाठीचा तुकडा तपासला तर त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची दाट गर्दी होती, जंतू नव्हते.

कानाची कूर्चा आणि त्वचेतली ही न्यूट्रोफिलची गर्दी एकत्र पाहून ‘रिलॅप्सिंग पॉलिकाँड्रायटिस’ असं निदान लिहिलं गेलं, म्हणजे कूर्चेला वारंवार सूज येण्याचा आजार. प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम सुरू झालं.

पहिला प्रतिसाद

दुसऱ्या दिवशी ताप गेला. चौथ्या दिवशी गुरुजी स्वतः चालत दुकानापर्यंत गेले. दोन आठवड्यांत सीआरपी १४२ वरून ११ वर, पांढऱ्या पेशी ३,९०० वरून ७,८०० वर. गावाने पाहिलं, की गुरुजींचा चेहरा भरला, तब्येत सुधारली.

स्टेरॉइडचा हा झपाटा नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशस्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. औषध थांबवलं की दुखणं परत येतं, हेही हेंच यांच्या गटाने सुरुवातीच्या अहवालांतच नोंदवलं होतं. सांगताना पहिला अर्धा भाग तेवढा सांगितला जातो.

गुरुजींच्या कागदांवर त्या वेळी काय सुधारलं आणि काय नाही, हे वेगळं काढून पाहायला हवं होतं. ताप, कान, गाठी, सीआरपी, फेरिटिन हे सगळं दाहाचं मोजमाप. ते उतरलं. पांढऱ्या पेशी वाढल्या, पण त्या वाढीला काही अर्थ नव्हता, कारण स्टेरॉइड दिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल मोकळे होऊन प्रवाहात येतात आणि आकडा निरोगी माणसातही वाढतो. हिमोग्लोबिन ८.९ वरून ९.६ झालं. आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ११० होतं ते ११० च राहिलं. सामान्य माणसात ते ८० ते १०० असतं.

एमसीव्हीकडे कोणी पाहिलं नाही असं नव्हे. पाहिलं, आणि त्याचं उत्तर तयार होतं. गुरुजी शाकाहारी, आणि आपल्याकडे शाकाहारी माणसात मोठ्या लाल पेशी दिसल्या की बी-१२ ची इंजेक्शनं देतात. त्यात चूक काहीच नाही, बहुतेक वेळा कारण तेच असतं. प्रश्न असा, की इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स होऊन आकडा तसूभरही हलला नाही तेव्हा पुढचा विचार व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण माणूस बरा दिसत होता.

सूनबाईंची वही

दर दोन आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम कमी करायचं ठरलं. चाळीस, पस्तीस, तीस, पंचवीस, वीस. सगळं ठीक. पंधरावर आल्यावर सहाव्या दिवशी ताप, नवव्या दिवशी कान. पुन्हा चाळीस, पुन्हा दोन दिवसांत उतार. या वेळी स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट जोडलं. पुन्हा हळूहळू उतरण, पुन्हा पंधरावर ताप.

गुरुजींच्या सूनबाई अंगणवाडी सेविका. मुलांची वजनं, लसी, आहार यांची रजिस्टरं ठेवायची त्यांची रोजची सवय. सासऱ्यांच्या आजारासाठी त्यांनी एक दोनशे पानी वही घातली होती : तारीख, किती गोळ्या, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, कान, डाग, साखर. तिसऱ्या खेपेला त्यांनी वही डॉक्टरांपुढे ठेवली.

“डॉक्टर, वीसवर अण्णा बरे असतात. पंधरावर आले की आठवड्यात ताप येतो. दोन्ही वेळा तसंच झालंय. मधे मेथोट्रेक्सेट सुरू केलं, त्यानं काहीच फरक पडला नाही बघा.”

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत मोलाचं कागदपत्र ही वही आहे, आणि मी ते मनापासून लिहितो आहे. महागड्या तपासण्यांनी एकेका दिवसाचं चित्र दिलं होतं. वहीने महिन्यांचं चित्र दिलं. स्टेरॉइड लागू पडतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं मिळालं तरी त्यातून फार थोडं कळतं, कारण दाहाचे शेकडो आजार स्टेरॉइडने उतरतात. लिम्फोमासारखा कर्करोगही काही काळ उतरतो, आणि मग गाठीच्या तुकड्यातही नीट सापडत नाही. खरी माहिती मिळते ती उतरणीवर : किती मिलिग्रॅमवर आजार डोकं वर काढतो, दर वेळी तिथेच काढतो का, सोबतच्या औषधाने ती जागा खाली सरकते का, आणि उतरलेल्या काळात रक्त काय म्हणतं.

पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिकासारख्या, म्हणजे उतारवयात खांदे-कंबर आखडवणाऱ्या आजारात साधारण १५ मिलिग्रॅमने सुरुवात करून बऱ्याच जणांना कालांतराने गोळ्या थांबवता येतात. अशा आजारांत दाह स्वतःहूनही ओसरत असतो, स्टेरॉइड तो काळ निभावून नेतं. गुरुजींच्या वहीत ओसरण्याची खूण कुठेच नव्हती. होती ती एक पक्की रेघ, वीस आणि पंधरा यांच्या मधली.

एक अपवाद, जो अपवाद नव्हता

आठव्या महिन्यात वहीतला हा नियम मोडला. गुरुजी तेव्हा ३० मिलिग्रॅमवर होते, रेघेच्या बरेच वर, आणि तरी ताप आला.

झालं असं होतं. कोरडा खोकला सुरू झाल्यावर सीटी स्कॅन काढला, त्यात दोन्ही फुप्फुसांत विरळ पांढुरके ठिपके दिसले. ताप, वजन घटणं, स्टेरॉइडवर असलेला वयस्कर माणूस आणि फुप्फुसात सावली. आपल्या देशात अशा वेळी क्षयाचा विचार पहिला यायलाच हवा. थुंकीतले क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह होती, पण थांबणं धोक्याचं वाटून क्षयाची चार औषधांची एकत्रित गोळी सुरू करण्यात आली. बाराव्या दिवशी १०२ ताप, कान लाल, नव्या गाठी. निष्कर्ष निघाला, की स्टेरॉइड आता लागू पडेनासं झालं आहे, आणि डोस ६० वर नेला.

त्या एकत्रित गोळीत रिफॅम्पिसिन असतं. रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी विकरं वाढवतं, आणि प्रेडनिसोलोन फार लवकर मोडून बाहेर टाकलं जातं. तीस मिलिग्रॅम गिळले तरी अंगाला मिळणारा परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. म्हणूनच दोन्ही औषधं एकत्र द्यावी लागली तर स्टेरॉइडचा डोस साधारण दुप्पट करण्याचा प्रघात आहे. हा परिणाम पूर्ण चढायला दीड-दोन आठवडे लागतात आणि औषध थांबल्यावर उतरायलाही तेवढेच. बाराव्या दिवशीचा ताप या हिशेबात तंतोतंत बसतो. गुरुजींच्या पोटात तीस जात होते, पण रक्तात ते रेघेच्या खाली होते. नियम मोडलाच नव्हता.

दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं, त्यातही क्षयाचे जंतू नव्हते. द्रव माध्यमातलं कल्चर सहा आठवडे ठेवतात, तेही निगेटिव्ह आलं. क्षयाची औषधं थांबवली. आता दुसरी बाजू उलटली. रिफॅम्पिसिनचा परिणाम ओसरला आणि ६० मिलिग्रॅम पूर्ण ताकदीने अंगात जाऊ लागले. उपाशीपोटीची साखर ३४० वर गेली, रात्रीची झोप गेली, पाठीवर नागीण उठली. औषध बंद करताना त्याने बदललेल्या दुसऱ्या औषधाचा डोसही परत बघायचा असतो, ही गोष्ट गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सहज निसटते.

फाइलमधली जुनी पानं

तेराव्या महिन्यात, पुन्हा पंधरावर आल्यावर, नेहमीचा ताप आणि जोडीला डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी. आता प्रकरण रक्तविकारतज्ज्ञांकडे पुण्याला गेलं. हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही ११४, प्लेटलेट ९२ हजार.

तिथे पहिला अंदाज असा होता, की एमसीव्ही मेथोट्रेक्सेटमुळे वाढलं असावं. ते औषध फॉलिक आम्लाच्या आड येतं, लाल पेशी मोठ्या होतात. अंदाज वाजवी होता. पण गुरुजींनी शिक्षकी शिस्तीने सगळे जुने रिपोर्ट जपले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेला एक रिपोर्ट सापडला, कान सुजण्याच्याही सव्वा वर्ष आधीचा. त्यात हिमोग्लोबिन ११.४ आणि एमसीव्ही १०४. म्हणजे मेथोट्रेक्सेटच्या कितीतरी आधी, स्टेरॉइडच्या आधी, तापाच्याही आधी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथे, काहीतरी बदललं होतं.

पन्नाशी ओलांडलेला पुरुष, मोठ्या लाल पेशींचा रक्तक्षय, कूर्चेची सूज, न्यूट्रोफिलने भरलेल्या गाठी, फुप्फुसात ठिपके, शिरेत गुठळी आणि पंधरा-वीसवर अडणारं स्टेरॉइड. हे सगळं एका ओळीत मांडलं, की आज कोणाही रक्तविकारतज्ज्ञाच्या मनात एकच नाव यावं. पण ही ओळ कोणी एका जागी मांडलीच नव्हती. कान कानाच्या डॉक्टरांकडे, गाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे, ठिपके छातीच्या डॉक्टरांकडे, आणि दर वेळी स्टेरॉइडने ते ते लक्षण पुसून टाकलेलं. प्रत्येक विभागापुरता आजार बरा झालेला होता.

अस्थिमज्जेची तपासणी केली. पहिल्या अहवालात लिहून आलं : पेशींची संख्या वाढलेली, रक्तकर्करोगाच्या पेशी नाहीत, गुणसूत्रं सामान्य. रक्तविकारतज्ज्ञांनी काचा परत मागवल्या आणि पॅथॉलॉजिस्टसोबत बसून एकच प्रश्न विचारून पाहिल्या : पूर्वपेशींमध्ये पोकळ्या दिसतात का? दिसत होत्या. न्यूट्रोफिल आणि लाल पेशी ज्यांपासून बनतात त्या तरुण पेशींच्या आत गोल, स्वच्छ, रिकाम्या पोकळ्या. दारू आणि शरीरातल्या तांब्याची कमतरता यांनीही अशा पोकळ्या होतात; गुरुजींच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. रक्ताचा नमुना यूबीए१ या जनुकाच्या तपासणीसाठी गेला. त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात ४१ व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन. निदान पक्कं झालं : व्हेक्सास.

आजार नेमका काय आहे

२०२० पर्यंत या आजाराला नावच नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डेव्हिड बेक, पीटर ग्रेसन, डॅनियल कास्टनर आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या उलट वाटेने शोध घेतला. एकसारखी लक्षणं असलेले रुग्ण गोळा करून जनुक शोधण्याऐवजी, निदान न झालेल्या दाहाच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांची जनुकीय माहिती घेतली आणि एकाच जनुकात समान बदल कोणाकोणात आहे ते पाहिलं. सुरुवातीला तीन पुरुष सापडले, मग आकडा २५ वर गेला. कोणाला पॉलिकाँड्रायटिस म्हटलं होतं, कोणाला स्वीट सिंड्रोम (ताप आणि त्वचेवर न्यूट्रोफिलने भरलेल्या गाठी), कोणाला मायलोडिस्प्लासिया (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार). लेख प्रसिद्ध होईपर्यंत त्या २५ पैकी १० जण गेलेले होते.

पेशीत निकामी झालेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवली जाते आणि मग ती मोडीत काढली जातात. ही खूण चिकटवण्याच्या साखळीतलं पहिलं विकर यूबीए१ जनुकावरून बनतं. एक्केचाळिसाव्या जागेवरचा बदल त्या विकराचं पेशीद्रवातलं कामाचं रूप बनू देत नाही, त्याऐवजी एक दुबळं रूप तयार होतं. खराब प्रथिनं साठतात, पेशीवर ताण येतो आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचे दाहमार्ग कायम पेटलेले राहतात. बदल होतो तो अस्थिमज्जेतल्या मूळपेशीत, तोही आयुष्याच्या उत्तरार्धात. त्या एका मूळपेशीची संतती वाढत जाते. तिच्यातून न्यूट्रोफिल, मोनोसाइट निपजतात आणि अंगभर दाह घेऊन फिरतात.

आता वहीतली रेघ समजते. स्टेरॉइड त्या पेशींनी सोडलेले दाहाचे निरोप दाबतं. मूळपेशीला ते हात लावत नाही. वाळवी लागलेल्या चौकटीला रंग दिला तर चौकट नवी दिसते, वाळवी आत असतेच. म्हणून सीआरपी गोळ्यांच्या मागे मागे चढतो-उतरतो आणि एमसीव्ही आपल्या जागी ठाम राहतं. व्हेक्सासच्या बहुतेक रुग्णांना स्टेरॉइड सुरुवातीला छान लागू पडतं आणि बरेच जण १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास अडकतात. गुरुजींची कथा वेगळी नव्हती, ती अगदी नमुनेदार होती.

आजार दुर्मिळ आहे, पण वाटला होता तितका नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका आरोग्यसेवेतल्या १,६३,०९६ लोकांच्या जनुकीय नोंदी तपासल्या तेव्हा ११ जणांत हे बदल सापडले. पन्नाशीपुढच्या पुरुषांत साधारण ४,२६९ मध्ये एक असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. त्या अकराही जणांना रक्तक्षय होता. हे गुणोत्तर आपल्याकडे जसंच्या तसं लागू धरता येणार नाही, पण महाराष्ट्रातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांची संख्या मनात आणली तर असे रुग्ण ‘न कळणारा ताप’ म्हणून आपल्या दवाखान्यांतून फिरत असणार, असं मला ठामपणे वाटतं.

“मुलाला होईल का?”

निदान सांगितल्यावर गुरुजींच्या पत्नींनी विचारलेला पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. “जीन्सचा आजार म्हणताय, मग मुलाला, नातवाला होणार का?” सूनबाई गप्प होत्या, पण कान तिकडेच होते.

उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे आणि ते तितक्याच स्वच्छपणे द्यायला हवं. हा बदल गुरुजी जन्माला घेऊन आले नव्हते. तो त्यांच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत उतारवयात घडला, बीजपेशींत तो नाही, त्यामुळे पुढच्या पिढीकडे जाण्याचा प्रश्नच नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषांत एक्स एकच असल्याने बिघडलेल्या प्रतीला झाकणारी दुसरी प्रत नसते, म्हणून रुग्ण बहुतांश पुरुष. हे सांगताना ‘अनुवांशिक’ हा शब्द चुकून जरी तोंडून गेला तरी घरात वर्षानुवर्षं भीती घर करून राहते.

स्टेरॉइडने काय घेतलं

निदानाच्या वेळी चौदा महिन्यांचा जमाखर्च असा होता. मधुमेह, आता इन्सुलिनवर. मांड्यांचे स्नायू इतके खंगलेले की उकिडवं बसलं तर आधाराशिवाय उठता येत नव्हतं. पाठीच्या एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला. एकदा नागीण. त्वचा कागदासारखी. ज्याला गावाने तब्येत सुधारली म्हटलं होतं ती चेहऱ्यावरची सूज.

एवढं होऊनही त्या काळात स्टेरॉइड देणं चूक होतं असं मला वाटत नाही. त्याशिवाय गुरुजी कदाचित निदानापर्यंत पोहोचलेच नसते. खटकतं ते हे, की तीन वेळा त्याच जागी अडल्यावरही दर वेळी प्रश्न ‘डोस किती वाढवायचा’ एवढाच राहिला. ‘का अडतंय’ हा प्रश्न पहिल्यांदा सूनबाईंनी विचारला.

पुढचा उपचार

पर्याय चार होते. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ हा दाहाचा निरोप अडवतं. काहींना उपयोग होतो, पण सीआरपी त्या औषधानेच तळाला जातो आणि जंतुसंसर्ग झाला तर कळत नाही. रक्सोलिटिनिब पेशीच्या आत असे निरोप पोहोचवणारी जेएके विकरं अडवतं, दाह लवकर उतरवतं, आणि याच गटातल्या इतर औषधांपेक्षा व्हेक्सासमध्ये त्याचा अनुभव चांगला आहे. मात्र प्लेटलेट घटतात आणि झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. अझासिटिडीन हे मायलोडिस्प्लासियाचं औषध बिघडलेल्या मूळपेशींच्या संततीवरच काम करतं, पण सावकाश. आणि दुसऱ्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, ज्याने आजार मुळातून जाऊ शकतो. ६७ वर्षांचं वय, दबलेला मणका आणि मधुमेह पाहता प्रत्यारोपणाचा धोका फार होता.

अझासिटिडीन निवडलं. शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, त्वचेखाली, सात दिवस, दर २८ दिवसांनी. सोबत प्रेडनिसोलोन २० वर स्थिर. गुठळीसाठी रक्त पातळ करणारं औषध, पण प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेले तर त्याचा डोस बदलायचा अशी लेखी सूचना. न्यूमोसिस्टिस न्यूमोनियापासून बचावाला को-ट्रायमोक्साझोल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठी झोलेड्रोनिक आम्ल.

पहिल्या दोन आवर्तनांनी सगळ्यांचा धीर तपासला. प्लेटलेट ४८ हजारांवर गेले, दोनदा रक्त चढवावं लागलं, आणि पांढऱ्या पेशी फार घटलेल्या असताना ताप आल्याने नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. या तापाला आजार उसळला असं न समजता आधी कल्चर घेऊन प्रतिजैविकं सुरू केली गेली, ते योग्यच झालं. व्हेक्सासमध्ये मृत्यूचं एक मोठं कारण जंतुसंसर्ग आहे, आणि स्टेरॉइडवरच्या माणसात ताप म्हणजे आजारच, असं गृहीत धरणं सर्वांत महागात पडतं. मुलाने विचारलं, की औषध लागू पडत नाहीये तर थांबवायचं का. डॉक्टरांनी सांगितलं, “चार ते सहा आवर्तनं होईपर्यंत निकाल लावू नका. स्टेरॉइडसारखं हे दोन दिवसांत दिसत नाही.”

चौथ्या आवर्तनानंतर प्रेडनिसोलोन १७.५ केलं, मग १५. दहा दिवस गेले, ताप नाही. तीन आठवडे गेले, कान शांत, सीआरपी ८. मग दर तीन आठवड्यांनी २.५ मिलिग्रॅम खाली. सहाव्या आवर्तनानंतर गुरुजी ७.५ मिलिग्रॅमवर होते, हिमोग्लोबिन १०.४, प्लेटलेट १ लाख १६ हजार. एमसीव्ही १०३, जवळपास मोतीबिंदूच्या वेळच्या त्या जुन्या रिपोर्टइतकं. निदानापर्यंतच्या चौदा महिन्यांत जो आकडा एकदाही खाली आला नव्हता, तो मुळावर काम करणारं औषध मिळाल्यावर हलला. इन्सुलिन निम्म्यावर आलं.

अजून काय बाकी आहे

इतका काळ स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं विसरलेल्या असतात. त्यामुळे ५ मिलिग्रॅमच्या खाली जाण्याआधी सकाळी आठ वाजता कॉर्टिसोलची पातळी पाहायची आहे. यापुढे थकवा, मळमळ, अंगदुखी, रक्तदाब घसरणं हे आजार परतल्याचं लक्षणही असू शकतं आणि ग्रंथी झोपल्याचंही. सीआरपी वाढलेला असेल तर आजाराचा किंवा संसर्गाचा शोध, नसेल तर ग्रंथीचा. आजारपणात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डोस तात्पुरता वाढवावा लागतो, असं लिहिलेलं कार्ड गुरुजींच्या खिशात आणि सूनबाईंच्या मोबाइलमध्ये आहे.

यूबीए१ मधला बदल किती टक्के पेशींत उरला आहे याची तपासणी आठव्या आवर्तनानंतर होईल. प्रमाण घटलेलं असेल तर अझासिटिडीन चालू ठेवायचं, आणि रक्त टिकून राहिलं तर पुढे दोन आवर्तनांतलं अंतर वाढवता येईल का ते पाहायचं. प्रमाण तेवढंच असेल आणि स्टेरॉइड पुन्हा वाढवावं लागलं, तर क्षयाची तपासणी नव्याने करून रक्सोलिटिनिबकडे वळायचं, असं घरच्यांशी बोलून ठरलं आहे.